शाळेचा उंबरठा आणि पालकांचे पाऊल : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात ‘शाळा आणि घर’ या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेली पत्रे वाचताना एक गोष्ट सतत जाणवत राहिली. शिक्षक लिहितात की पालक शाळेत येत नाहीत, आणि पालक लिहितात की शाळा त्यांना तक्रार ऐकण्यासाठी किंवा सही करण्यासाठीच बोलावते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. पण पहिल्या तक्रारीचे कारण दुसऱ्या तक्रारीत दडलेले आहे, असे इतक्या वर्षांच्या शिक्षकीनंतर माझे ठाम मत झाले आहे. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत ६८ मुले आणि आम्ही दोन शिक्षिका आहोत. पालकसभेला सात-आठ जण येतात, तेही बहुधा दर वेळी तेच. आम्ही मुलांच्या वहीत लिहून देतो, फोनवर निरोप पाठवतो, तरी उपयोग होत नाही. पालकांना मुलांच्या शिक्षणाची आस्थाच नाही, असे समजावे का? (प्राथमिक शिक्षिका, सोलापूर जिल्हा)

उत्तर : तसे समजू नये. आधी सभेची वेळ पाहावी. तुमच्या पत्रात सभा शनिवारी सकाळी ११ वाजता होत असल्याचा उल्लेख आहे. खुरपणीला किंवा बांधकामावर जाणाऱ्या माणसाला त्या वेळी दोन तासांची सवड मिळत नाही. त्याचा पूर्ण दिवसाचा खाडा होतो आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. इतकी किंमत मोजून आलेल्या माणसाला सभेत काय मिळते, हा त्यापुढचा प्रश्न आहे. बहुतेक सभांत मुख्याध्यापक स्वच्छता, गणवेश आणि गैरहजेरी यांवर बोलतात, पालक ऐकतात, हजेरीपटावर अंगठे आणि सह्या होतात आणि सभा संपते.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी याहून वाईट चूक केली होती. चाचणीचे गुण मी भर सभेत मोठ्याने वाचून दाखवले. एक आई मध्येच उठून गेली आणि पुढची दोन वर्षे शाळेकडे फिरकली नाही. पुढे तिच्या घरी जाण्याचा योग आला, तेव्हा कळले की त्या दिवशी तिने मजुरी बुडवली होती, ठेवणीतले लुगडे नेसली होती आणि शेजारणीला सोबत घेऊन आली होती. त्या शेजारणीसमोर तिच्या मुलाचे नाव सर्वांत शेवटी वाचले गेले. तिला आस्था नव्हती असे मी दोन वर्षे समजत होते, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की पालकांना शाळेत बोलावण्याआधी शिक्षकांनी त्यांच्या घरी जावे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो शहरात १९९८ साली गरीब वस्त्यांतील पालक आणि शिक्षक यांनी मिळून गृहभेटींचा एक उपक्रम सुरू केला, जो पुढे तेथील अनेक राज्यांत पसरला. त्याचे नियम साधे आणि शहाणपणाचे आहेत. भेट आधी विचारून, दोन्ही बाजूंच्या संमतीने ठरते. शिक्षक दोघे मिळून जातात. भेटी केवळ ‘अडचणीच्या’ मुलांच्या घरी दिल्या जात नाहीत, त्यामुळे दारात शिक्षक दिसले म्हणजे मुलाने काही तरी केले असणार, अशी धास्ती राहत नाही. पहिल्या भेटीत गुणांबद्दल किंवा वर्तनाबद्दल काही बोलायचे नाही. या मुलाबद्दल तुमची स्वप्ने काय आहेत, एवढेच विचारायचे आणि ऐकायचे.

तुम्ही दोघींनी शाळा सुटल्यावर आठवड्याला चार घरे ठरवली, तर ६८ घरे १७ आठवड्यांत होतात. जूनच्या मध्यावर सुरुवात केली तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे सहसा दिवाळीच्या सुटीआधी, यादी पूर्ण होईल. भावंडे एकाच घरातली असल्याने कदाचित त्याआधीच. जाताना वही-पेन नेऊ नये, कारण समोरचा माणूस लिहून घेतले जात आहे असे पाहिले की बोलायचा थांबतो. लेकरू घरी कशात रमते, ते कुणाचे ऐकते, त्याने मोठेपणी काय करावे असे वाटते, एवढे विचारावे. चहाचा आग्रह होईल; तो नम्रपणे टाळला तर चालेल, कारण काही घरांत त्यासाठी साखर उसनी आणावी लागते. पाणी मात्र प्रत्येक घरी प्यावे. आपल्या गावांत कोणाच्या घरचे पाणी कोण पितो याची नोंद लहान मुलेही ठेवतात, आणि वेशीबाहेरच्या वस्तीतल्या मुलाने आपल्या घरी बाईंना पाणी पिताना पाहिले, तर शाळा आपली आहे हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

यानंतर सभा घ्यावी, पण ती संध्याकाळी घ्यावी आणि शक्य असेल तर वस्तीवरच्या समाजमंदिरात किंवा देवळाच्या ओट्यावर घ्यावी. सभेची सुरुवात मुलांच्या वाचनाने करावी. आपले मूल सलग चार ओळी वाचते हे ऐकायला आई रात्री आठ वाजताही येते. गुण आणि अडचणी प्रत्येकाला एकट्याने, बाजूला बसवून सांगाव्यात. पालकांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती यांची माहिती देण्यासाठी नियमित भेटी घेणे हे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्य आहे. पालक आले नाहीत म्हणून ते कर्तव्य पार पडले असे होत नाही.

प्रश्न : माझी मुलगी कॅलिफोर्नियात राहते. नातवाची सरकारी शाळा आता ‘कम्युनिटी स्कूल’ झाल्याचे तिला कळवण्यात आले आणि सोबत एक लांबलचक प्रश्नावली आली. घरी अन्नधान्याची गरज आहे का, दवाखाना हवा का, संध्याकाळचे वर्ग हवेत का, असे त्यात विचारले आहे. ही गरिबांसाठीची शाळा झाली, तेव्हा मुलाला तेथून काढावे का, असा तिला प्रश्न पडला आहे. (एक आजी, नाशिक)

उत्तर : काढू नये, असे मी आपल्या मुलीला सांगेन, आणि त्यामागची कारणे थोडी विस्ताराने सांगते, कारण ही कल्पना आपल्यालाही उपयोगी आहे.

शाळा हे केवळ मुलांच्या शिकण्याचे ठिकाण न राहता साऱ्या वस्तीचे केंद्र व्हावे, हा विचार अमेरिकेत शंभर वर्षांहून जुना आहे. शिकागोमध्ये जेन ॲडम्स यांनी १८८९ साली ‘हल हाऊस’ सुरू केले, तेथे स्थलांतरित कामगारांसाठी वर्ग, पाळणाघर आणि वाचनालय एकाच ठिकाणी होते. ते काम जवळून पाहिलेले तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९०२ साली शाळेने सामाजिक केंद्र व्हावे असा विचार व्याख्यानातून मांडला. हेच ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षक होते, ही मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याची गोष्ट.

मला यातील सर्वांत जवळचे वाटते ते लिओनार्ड कोव्हेलो यांचे काम. ते लहानपणी इटलीहून न्यूयॉर्कला आले आणि १९३४ साली ईस्ट हार्लेममधील बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. आजूबाजूला इटालियन आणि पुढे पोर्तो रिकन मजुरांची दाट वस्ती होती. कोव्हेलो यांनी शाळा संध्याकाळीही उघडी ठेवली, पालकांसाठी इंग्रजीचे आणि नागरिकत्वाच्या तयारीचे वर्ग चालवले. शाळेच्या इमारतीत पाऊल टाकायला पालक बिचकतात हे ओळखून त्यांनी वस्तीतील रिकाम्या दुकानांच्या गाळ्यांत शाळेची लहान केंद्रे उघडली. मोठ्या इमारतीत न येणारा बाप रस्त्यावरच्या गाळ्यात सहज येऊन बसे.

अलीकडच्या काळात न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागात १९९२ साली एका बालकल्याण संस्थेने शहराच्या शिक्षण मंडळासोबत अशी शाळा उभी केली, आणि तिच्या आवारातच दवाखाना चालवला. सिनसिनाटी शहरातील ऑयलर शाळेत तर २०१२ पासून डोळ्यांचा दवाखाना आहे. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडणाऱ्या मुलाला तेथे शाळेतच चष्मा मिळतो. कॅलिफोर्निया राज्याने २०२१ साली अशा शाळांसाठी सुमारे ३ अब्ज डॉलरची तरतूद केली. आपल्या नातवाची शाळा बहुधा त्याच योजनेतली असावी.

या योजनेत चार गोष्टी एकत्र अपेक्षित असतात : आरोग्य, समुपदेशन, अन्न अशा सेवा शाळेतच उपलब्ध करणे, शाळेच्या वेळेआधी आणि नंतर शिकण्याची सोय, कुटुंबांचा सहभाग, आणि शाळेच्या निर्णयांत शिक्षक, पालक व विद्यार्थी यांचा वाटा. हे सारे जुळवण्यासाठी शाळेत एक स्वतंत्र समन्वयक नेमला जातो, जेणेकरून तो भार शिक्षकांवर पडू नये. तुमच्या मुलीला आलेली प्रश्नावली हे त्याच कामाचे पहिले पाऊल आहे. त्यात वस्तीच्या गरजा जशा विचारल्या जातात, तसेच वस्तीपाशी काय आहे हेही विचारले जाते. गणित शिकवता येणे, शिवणकाम, तबला, हिशेब, स्वयंपाक, दुसरी भाषा येणे, हे सारे त्यात लिहावे. सेवा गरजू मुलांना आधी मिळतात, परंतु वर्ग, ग्रंथालय आणि संध्याकाळचे उपक्रम सर्वांचे असतात, आणि दातदुखी नसलेला, पोट भरलेला सोबती शेजारी बसला तर तुमच्या नातवाचेही शिक्षण चांगले होते.

न्यूयॉर्क शहरातील अशा शाळांचा सविस्तर अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांची हजेरी सर्व स्तरांवर सुधारलेली दिसली आणि गणितात तिसऱ्या वर्षी प्रगती दिसली. भाषेच्या गुणांत मात्र ठळक फरक आढळला नाही. म्हणजे हा एका वर्षात फळणारा उपाय नाही. माझ्या मते ज्या शाळा चारपैकी पहिली गोष्ट करून थांबतात, म्हणजे दवाखाना उघडतात पण पालकांना निर्णयात घेत नाहीत, तेथे पालक रुग्णासारखे येतात आणि जातात. आपल्या मुलीला प्रश्नावली भरून थांबू नकोस, पालकांच्या बैठकीत जाऊन बस, असे अवश्य सांगावे.

प्रश्न : मला शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्य केले आहे. मी मजुरी करतो, सातवीपर्यंत शिकलो. महिन्या-दोन महिन्यांनी शाळेचा शिपाई वही घेऊन घरी येतो आणि मी सही करतो. सदस्याचे काम एवढेच असते का? (एक पालक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : एवढेच मुळीच नसते, आणि आपण हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार या समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळाले पाहिजे आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. कायदा करणाऱ्यांनी समितीत बहुमत शिक्षकांना किंवा पुढाऱ्यांना न देता तुमच्यासारख्या माणसांना दिले आहे. समितीची कामेही कायद्यात लिहिलेली आहेत : शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करणे, आणि शासनाकडून आलेले अनुदान कसे खर्च होते हे पाहणे. कलम २२ म्हणते की हा आराखडाच पुढील अनुदानाचा आधार असेल. ज्या शाळेच्या आराखड्यात मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी नाही असे लिहिलेलेच नसते, तिला त्यासाठी पैसे मागताना आधार उरत नाही.

आपण काय करावे, ते सांगते. पुढच्या वेळी वही आली की इतिवृत्त वाचून घ्या, किंवा सातवीतल्या मुलाकडून वाचून घ्या, आणि सभा झालीच नसेल तर शांतपणे सांगा की सभेला मी येतो, तेथेच सही करतो. यात भांडण नाही. मुख्याध्यापक बहुधा वाईट हेतूने असे करत नाहीत. त्यांच्यावर कागदांचा भार असतो आणि पालक येणार नाहीत असे त्यांनी धरलेले असते. सभेत पहिल्या खेपेस एकच विषय घ्या. दहा विषय मांडणारा सदस्य लवकर थकतो आणि इतरांनाही थकवतो.

कोणता विषय, असे विचाराल तर दोन सुचवते. पहिला पोषण आहाराचा. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, आणि पूर्ण जेवणातून अनुक्रमे ४५० आणि ७०० उष्मांक, तसेच १२ आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण ठरलेले आहे. धान्य मोजणे सोपे आहे आणि चव घेणे त्याहून सोपे. आठवड्यातून एक दिवस एक आई शाळेत येऊन मुलांबरोबर जेवली, तर स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही आपल्या कामाची कदर होते असे वाटते. त्यांच्या अडचणी, म्हणजे ओले सरपण, उशिरा येणारे मानधन, गळके छप्पर, याही समितीपुढे येतात.

दुसरा विषय आरोग्य तपासणीचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्यात वैद्यकीय पथकाने शाळेतील मुलांना वर्षातून एकदा तपासायचे असते. तपासणी होते, मुलाच्या हातात पुढच्या उपचाराची चिठ्ठी दिली जाते, आणि खरी गळती तेथून पुढे सुरू होते. ग्रामीण रुग्णालय तीस किलोमीटरवर असेल तर बापाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते, आणि डॉक्टर त्या दिवशी असतील याची खात्री नसते. चिठ्ठी घडी होऊन दप्तरातच राहते. समितीने पथक आल्यानंतर महिनाभराने एवढेच विचारावे की किती मुलांना चिठ्ठी मिळाली आणि किती जाऊन आली. न गेलेली पाच मुले एकाच दिवशी एकाच गाडीने, एका पालकासोबत पाठवता आली तर चार घरांची मजुरी वाचते. हे ठरवायला पदवी लागत नाही. गावातले रस्ते, गाड्या आणि माणसे ठाऊक असावी लागतात, आणि ती माहिती शिक्षकांपेक्षा तुम्हाला अधिक आहे.

प्रश्न : शाळेने पालकांचा व्हॉट्सॲप गट केला आहे. रोज सूचना येतात. वेगळ्या भेटींची गरज आहे का? (एक आई, ठाणे)

उत्तर : गरज आहे. गटावर सूचना पोहोचते, पण तेथे आई आपल्या मुलाविषयी मोकळेपणाने बोलू शकत नाही, कारण शंभर घरे ते वाचत असतात. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो वडिलांसोबत कामावर जातो, त्या घरी सूचनाही रात्रीच पोहोचते. गट सहलीच्या तारखेसाठी ठेवावा आणि मुलाविषयी बोलण्यासाठी शिक्षिकेची वेळ मागून घ्यावी.

प्रश्न : माझा मुलगा आणि सून दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्यात परततात. तोवर नातू आणि नात माझ्यापाशी असतात. शाळेतून पालकांना बोलावले की मी जाते, पण आई-वडिलांना पाठवा असे सांगतात. मी काय करू? हे पत्र नातीकडून लिहून घेतले आहे. (एक आजी, बीड जिल्हा)

उत्तर : आजी, नातीचे अक्षर फार सुरेख आहे, हे तिला माझ्याकडून सांगा.

आधी कायद्याचे सांगते. शाळेच्या कायद्यात जन्म देणाऱ्या आई-वडिलांसोबत ‘पालक’ म्हणून ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ आहे अशा माणसालाही मान्यता आहे. सहा महिने ही मुले तुमच्या घरी जेवतात, झोपतात, तापली तर तुम्ही उशाशी बसता. तेव्हा त्या काळात त्यांच्या पालक तुम्हीच आहात आणि शाळेने तुमच्याशीच बोलले पाहिजे. शाळेच्या समितीवरही पालक म्हणून तुमचा विचार होऊ शकतो. ज्या गावातून निम्मी जोडपी कोयता घेऊन बाहेर पडतात, त्या गावच्या समितीत दोन-तीन आज्या असणे मला अत्यंत आवश्यक वाटते.

तुमच्या गावात हंगामी वसतिगृह चालते का, याची चौकशी करा. आई-वडील तोडीला गेले तरी मुले गावातच राहून शिकावीत म्हणून ही सोय आहे. दुपारचा आहार शाळेचा असतो आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची व्यवस्था वसतिगृहातून होते. काही गावांत मुले तेथे जेवतात आणि झोपायला आजीकडे येतात. उतारवयात दोन वाढत्या मुलांच्या भाकरी थापण्याचा तुमचा भार त्याने हलका होईल. आणि समजा मुले आई-वडिलांसोबत गेलीच, तर स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहण्याची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे; कारखान्याच्या परिसरातली शाळा त्यांना ‘तुम्ही इथले नाहीत’ म्हणून परत पाठवू शकत नाही.

आता दोन शब्द या पत्राच्या निमित्ताने शिक्षकांसाठी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे जायचे की राहायचे हा निर्णय त्या आई-बापांच्या हाती उरलेला नसतो. ‘तुम्हाला मुलांची काळजी नाही’ हे वाक्य त्यांना ऐकवणे अन्यायाचे आहे. त्याऐवजी टोळी निघण्याआधी शाळेत एक संध्याकाळ या कुटुंबांसाठी ठेवावी, मूल कोणापाशी राहणार ते लिहून घ्यावे, आणि हंगामात आठवड्यातून एकदा, फडावरून खोपीवर परतल्यानंतरच्या वेळी, मुलाला शाळेच्या फोनवरून आईशी बोलू द्यावे. मुलाने त्या आठवड्यात शिकलेली कविता आईला फोनवर म्हणून दाखवावी. शेकडो किलोमीटरवर असलेली आई अशीही शाळेशी जोडलेली राहते.

आपल्याकडे हे शहाणपण नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून डहाणू तालुक्यातील कोसबाडला काम उभे केले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शिक्षकच कुरणावर गेले आणि तेथे ‘कुरणशाळा’ भरली. थोरल्या बहिणी धाकट्या भावंडांना सांभाळतात म्हणून घरी राहतात, हे कळल्यावर शाळेच्या जोडीने पाळणाघर सुरू केले, म्हणजे कडेवरचे मूल पाळण्यात आणि बहीण वर्गात. अमेरिकेतील ज्या शाळांविषयी वर लिहिले, त्यांचे मर्म या पाळण्यात आहे. मूल का येत नाही याचे कारण घरात जाऊन शोधायचे आणि त्या कारणावर उपाय करायचा.

प्रश्न : आम्ही घरी अहिराणी बोलतो. मुलगा दुसरीत आहे. शाळेत सांगितले की घरी शुद्ध मराठीच बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. मला शुद्ध मराठी नीट येत नाही. आता मुलगा माझ्याशी बोलायलाच लाजतो. (एक आई, धुळे जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रातले शेवटचे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबले.

वर ज्यांचा उल्लेख केला त्या कोव्हेलो यांचे मूळ आडनाव कोव्हिएलो होते. लहानपणी शाळेतल्या शिक्षिकेने ते उच्चारायला सोपे व्हावे म्हणून परस्पर बदलले. मुलगा प्रगतिपुस्तक घेऊन घरी आला तेव्हा वडील संतापले, आणि मुलाने मात्र शिक्षिकेची बाजू घेतली. आपले नाव आणि आपल्या आई-वडिलांची भाषा कमी दर्जाची आहे हे शाळेने त्याला शिकवले होते. पुढे मुख्याध्यापक झाल्यावर त्याच माणसाने पालकांना त्यांच्या भाषेसह शाळेत आणण्यासाठी आयुष्य वेचले, ते याच जखमेमुळे असे मला वाटते.

मूल मागे पडेल ही भीती खरी नाही. घरच्या भाषेत भरपूर बोललेले, गोष्टी ऐकलेले मूल दुसरी भाषा अधिक सहज शिकते; ज्याच्याशी घरी तुटक, अवघडलेल्या भाषेत बोलले जाते, त्याचे दोन्हीकडे नुकसान होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्ये शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे, आणि २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. प्रमाण मराठी शिकवणे हे शाळेचे काम आहे, आणि ते तिने चांगले करावे. तुमचे काम मुलाशी मनमोकळे बोलण्याचे आहे. ज्यांच्या कविता पाठ्यपुस्तकांतून मुले शिकत आली, त्या बहिणाबाई चौधरी खानदेशी बोलीतच रचत आणि त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, हे शिक्षकांना ठाऊकच असते. फक्त वर्गातल्या मुलाच्या आईकडे पाहताना त्याची आठवण राहत नाही.

शिक्षिकेवर रागावू नका. तिच्याकडे जा, आणि एका शनिवारी दहा मिनिटांचा वेळ मागा. कानबाईच्या सणाची, शेतातली, तुमच्या आजीने तुम्हाला सांगितलेली, कोणतीही एक गोष्ट वर्गात अहिराणीत सांगा. ज्या मुलांना ती कळणार नाही त्यांच्यासाठी तुमच्या मुलाला शेजारी उभे करा आणि प्रत्येक वाक्यानंतर त्यालाच ते मराठीत सांगू द्या.